मिशी येईपर्यंत

निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा होता आणि आये माझं तोंड धूत होती. मी सत्तावन्न वर्षांचा, आणि मला ओट्यावर बसवून, तांब्यातल्या पाण्यात हात बुडवून ती माझ्या कानामागे राहिलेला साबण पुसत होती. माझा मुलगा निलेश टेम्पोत पेटी आणि खाट चढवत होता. शेजारपाजारचे निरोप द्यायला जमले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तोंड धुतल्याबिगर उंबऱ्याभायेर पाय टाकू नको," हे तिचं वाक्य मी शाळेत जाताना ऐकलं होतं, धरमतरच्या जेट्टीवर नोकरीला लागलो तेव्हा ऐकलं होतं, नवरदेव होऊन निघालो तेव्हासुद्धा. फरक इतकाच की आधी ती नुसतं बोलायची. त्या दिवशी मी मान बाजूला घेतली आणि म्हणालो, पुरे आता, लोक बघतायत. टेम्पो सुरू झाला तेव्हा मागे वळून पाहिलं. तिच्या पातळाचा उजळ डाग तेवढा दिसला. तो दारात होता की ओट्यावर, ते काही कळलं नाही.

हे मी गावच्या ग्रुपसाठी लिहितोय. म्हणजे मोबाइलला सांगतोय आणि मोबाइल लिहितोय. काना-मात्रा चुकली तर त्यातल्या बाईला बोल लावा, मला नको. गेल्या महिन्यात माझ्या मिशीवरून ग्रुपवर बरंच काही आलं असं धाकट्या भावाकडून कळलं. कोणी म्हणालं हरीभाऊला भ्रम झाला, कोणी म्हणालं सुनेने छळलं. पनवेलला, उरणला, मस्कतला गेलेली आपली पोरंही विचारायला लागली. तेव्हा एकदाच काय ते सांगून टाकतो.

काचबिंदू म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण मलाही ते उशिरा कळलं. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने जग कमी होत जातं आणि माणसाला वाटतं आपणच वेंधळे झालोत. जेट्टीच्या गेटवर मी ट्रकचे नंबर लिहायचो. नंबर चुकायला लागले तर मी ड्रायव्हरांवर खेकसायचो, पाट्या धुवत नाही म्हणून. मग एकदा शेताच्या बांधावरून चालताना खाडीचं पाणी अडवायच्या उघाडीत पडलो. पेणच्या डॉक्टरांनी तपासलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता उजेड कळतो, सावली कळते, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं. माणूस कोण ते त्याने बोलल्यावर.

बायको तेव्हा नव्हती, तिला जाऊन काही वर्षं झाली होती. आये ऐंशीच्या घरात. धाकटा भाऊ यशवंत शेजारीच राहतो, पण त्याला शेत आहे, गुरं आहेत. निलेश धाटावला केमिकल कंपनीत आहे, रोह्यात त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट. तो म्हणाला, बाबा, तुम्ही माझ्याकडे. आयेलाही बोलावलं, ती म्हणाली मी इथंच मरेन. असा मी रोह्याला आलो.

लोकांना वाटतं की दिसेनासं झालं म्हणजे रस्ता ओलांडायची पंचाईत. रस्ता ओलांडायला कोणीही हात देतो. पंचाईत होते ती बाथरूमचं दार लावल्यावर. निलेशच्या शिफ्टचं कधीच ठरलेलं नाही. म्हणजे माझं सगळं सुनेवर, स्वातीवर. ती पोर चांगली आहे, हे आधीच लिहून ठेवतो. पण सुनेने ब्रशवर पेस्ट काढून द्यायची, सुनेने कपडे काढून द्यायचे, सुनेने पायाची नखं कापायची आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचं. ती नखं कापायची तेव्हा कूकरच्या शिट्ट्यांबद्दल बोलायची, मी पाण्याच्या टँकरबद्दल. कोणाच्या नखांचं काम चाललंय हे दोघांनाही माहीत नसल्यासारखं. माझा राग कशावर होता ते मला कळत नव्हतं. उपकार मानावेत तर जीभ उचलत नव्हती, चिडावं तर कारण सापडत नव्हतं.

मग मी एकेक काम परत मिळवायला लागलो. पेस्ट ब्रशवर न लावता सरळ दातावर घ्यायची. साबण जुन्या सॉक्समध्ये घालून नळाला टांगायचा, म्हणजे तो निसटून बाथरूमभर पळत नाही. शांपूच्या बाटलीला रबर बँड, तेलाच्या बाटलीला नाही. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. नखं कापायची नाहीतच, कानशीने घासायची. घासताना बोटच सांगतं कुठं थांबायचं. आणि कपडे सगळे पांढरे. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पांढरी टोपी. जुळवायची भानगडच नाही. माझा स्टीलचा मग बादलीच्या उजव्या अंगाला, कडी भिंतीकडे. तो जागचा हलला की मी घर डोक्यावर घ्यायचो.

चुका झाल्या. एकदा डासांचं मलम फेस समजून गालाला चोळलं आणि फेस का येत नाही म्हणून अजून चोळलं. स्वाती दाराबाहेरून विचारत होती, बाबा, काही हवंय का? काही नको, असं म्हणत मी आत शिंकत होतो. पण दाढी जमली. डावं बोट वाटाड्या, उजव्या हातात रेझर. बोट पुढे सरकलं की मागोमाग पातं. कल्ले कानाच्या भोकाशी बोट ठेवून सारखे करायचे. ज्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण दाढी केली, त्या दिवशी निलेश कामावरून आल्याआल्या गालावरून हात फिरवून म्हणाला, बाबा, कंपनीत माझ्यापेक्षा तुम्हीच शोभाल. मला खरंच बरं वाटलं.

आणि हे बरं वाटलं म्हणूनच पुढचं सगळं घडलं. मला वाटायला लागलं, हे सगळं मी करू शकतो तर रोह्यात का राहायचं? आपलं घर आहे, आये आहे, न्हाणी आहे. यशवंताला फोनवर म्हटलं तर तो म्हणाला, दादा, तुझा तुला सगला जमत असल तर ये, घर तुझाच हाय, पन आयेच्या जिवाला आता तुझी आंघोल नको. बोलला ते रास्तच होतं. मी ठरवलं, जायचं आणि दाखवून द्यायचं. कोणाचा हात न लागता आंघोळ, दाढी, कपडे, सगळं आटोपून तसंच आयेपुढे उभं राहायचं. तिला साबणाचा एक बुडबुडा सापडता कामा नये.

जायच्या दिवशी पहाटेच उठलो. निलेश पहिल्या शिफ्टला गेला होता. आंघोळ झाली, दाढी झाली, राहिली मिशी. मिशी एरवी सलूनवाला कातरायचा. पण आज सगळंच आपल्या हाताने करायचं होतं. छोटी कात्री घेतली आणि डावी बाजू कातरली. बोटाने चाचपली तर उजवी मोठी लागली. उजवी कातरली तर डावी मोठी. पुन्हा डावी. दोन भावांनी मधला बांध सरळ करायला घ्यावा आणि शेवटी शेतच उरू नये, तसं झालं. नाकाखाली माशी बसल्याएवढं काहीतरी उरलं. मग फेस लावला आणि साफ करून टाकली. ओठावर हात फिरवला तेव्हा वडील आठवले. ते गेले तेव्हा मी आणि यशवंताने काढली होती, त्यानंतर ओठ असा उघडा पडलाच नव्हता. आठवण आली आणि गेली. आपल्याकडे आई नाहीतर बाप गेल्याशिवाय माणूस मिशी काढत नाही, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? पण रोह्याच्या बाथरूममध्ये माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीत, की दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

स्वातीने पाहिलं आणि हसली. म्हणाली, बाबा, तरुण दिसताय. तिच्या वडिलांना पहिल्यापासून मिशी नाही, धाटावच्या निम्म्या पोरांना नाही. तिला त्यात काय वाटणार! तिने रिक्षा बोलावली, एसटीत बसवलं, कंडक्टरला सांगितलं, डब्यात पोळीभाजी दिली. एकटे कसे जाणार, असं एका शब्दाने म्हणाली नाही. मला नवल वाटलं होतं.

पेणला रामवाडीला उतरलो. कंडक्टरने गावच्या मिनीडोर रिक्षापर्यंत आणून सोडलं. आत बसलो तर समोर कोणीतरी बाई होती. तिने श्वास आत घेतलेला ऐकू आला.  मग तिने माझे दोन्ही हात धरले आणि हुंदका दिला. आवाजावरून ओळखलं, आपल्या आळीतली शेवंती वहिनी.

"भावजी, आये अशी कशी ओ गेली? मी लेकीकडं होते, मना कुनी कलवला पन नाय."

आता तुम्ही हसाल. तुम्हाला ठाऊक आहे ती काय बघून रडत होती. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, खाली उघडा ओठ. तिने बघितलं आणि समजली. पण मला माझं तोंड कुठे दिसतंय? मला एवढंच कळलं की गावची बाई गावाकडे निघालीय आणि सांगतेय की आये गेली.  कशीबशी मान हलवली, तीही बहुतेक होकारासारखी हलली. वहिनी मोठ्याने रडायला लागली. मीही रडायला लागलो.

त्या मिनीडोरमध्ये माझ्या डोक्याचं जे झालं ते सांगता येत नाही. सकाळपासूनची एकेक गोष्ट उलटी दिसायला लागली. म्हणून स्वाती आडवी आली नाही. म्हणून पोळीभाजी. म्हणून निलेश उजाडायच्या आत, न बोलता निघून गेला. सगळ्यांना ठाऊक होतं, मला तेवढं सांगितलं नाही. दिसेनासं झालं की लोक गोष्टी लपवतात. डोळा परत येणार नाही हे डॉक्टरांनी निलेशला सांगितलं होतं, मला ते कितीतरी दिवसांनी कळलं. तसंच हे. मला राग आला आणि त्या रागाचीच लाज वाटली. आई गेलीय आणि हा हिशेब करतोय. यशवंताला फोन लावला. बोटं भलतीकडे पडत होती, मोबाइलमधली बाई भलतीच नावं वाचत होती. शेवटी लागला, रिंग वाजत राहिली, उचलला नाही. म्हणजे खरंच. मयताच्या घरात फोन कोण उचलतो? आणि मध्येच मनात आलं, त्या दिवशी मी मान का बाजूला घेतली. तिला पुसू द्यायचा होता तो साबण.

नाक्यावर गाडी थांबली. वहिनीने खाली उतरता उतरता जे कोणी होते त्यांना सांगितलं. कोणी टोपी काढली असावी, कोणी माझ्या पाठीवर हात ठेवला. बिड्या विझल्याचा वास आला. माझी घडीची काठी उघडायचं भान नव्हतं, वहिनीने दंड धरला आणि आम्ही आळीत शिरलो. मागे पावलं वाढत गेली. मी कान देऊन ऐकत होतो, घरातून रडण्याचा आवाज कधी येतो. येत होता तो सुपाचा. कोणीतरी वाल पाखडत होतं. मला त्याचाही राग आला, की माझी आई गेलीय आणि हे वाल पाखडतायत.

सूप थांबलं.

"कोन रडताय गो, शेवंते? आनि ह्यो हरी ना? याला काय झाला?"

आयेचा आवाज. मी जागीच थिजलो. वहिनीचं रडणं मध्येच तुटलं. मागची पावलंही थांबली. मी हात पुढे केला, तो हवेतच राहिला, मग तिच्या खरखरीत बोटांनी तो धरला. त्या बोटांना वालाची धूळ होती. मी तिथेच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. एवढं तर मी मिनीडोरमध्येही रडलो नव्हतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून आयेला लांबचं लख्ख दिसतं. तिने मला पाहिलं, माझे कपडे पाहिले, माझ्या मागची रांग पाहिली. 

"माजा नंबर लावून आलास व्हय?" ती म्हणाली.

आधी कोणी हसेना. मग शेवंती वहिनीच पदर तोंडाला लावून हसली, आणि मग सगळी आळी. तेव्हा कुठे माझा हात ओठावर गेला आणि मला कळलं मी काय केलंय. कोणी सांगायची गरज राहिली नाही. आईच्या दारात, आई जिवंत असताना, तिच्या मरणाचं तोंड घेऊन मी आलो होतो, आणि तेही तिला खूश करायला.

यशवंत शेतातून धावत आला. फोन त्याचा बांधावर सदऱ्यात राहिला होता. प्रकार कळला तेव्हा तो हसला नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, दादा, तुला मिशी सांभालता येत नाय आनि तू एकटा राहनार?  जे दाखवायला आलो होतो त्याच्या बरोबर उलटं दाखवून झालं होतं. मी म्हणालो, संध्याकाळच्या गाडीने परत जातो.

आये उठली. तिने माझी हनुवटी धरली आणि बाजारात वांगं बघावं तशी उजेडाकडे फिरवली. एक गाल, दुसरा गाल, मान. टोपी वर करून कानामागे बघितलं. दोन्ही कान.

"दाडी कोनी केली?"

"मीच केली, आये."

"आनि आंघोल?"

"मीच."

"येक काप नाय. साबन पन नाय ऱ्हयला कुठं," ती म्हणाली, मला नव्हे, यशवंताला. मग माझी हनुवटी सोडली. "मिशी काय, येल परत. मिशी येईपरत ह्यो कुठं जायाचा नाय. अशा तोंडाचा पोर माघारी धाडला, तर लोक माजा बारावा जेवायला येतील."

 आयेपुढे बोलायची यशवंताची पद्धत नाही.

असा मी गेला महिनाभर गावात आहे. तुम्हाला वाटेल, झालं, हरीभाऊ घरी पोचला. मलाही तसंच वाटलं होतं. पण पहिल्याच सकाळी न्हाणीत गेलो आणि हरवलो. मी डोळे मिटून चालेन म्हणायचो ते घर माझ्या मागे बदललं होतं. यशवंताने न्हाणीला फरशी घातलीय, दगड काढून टाकलाय, पाण्याचा पिंप दाराच्या दुसऱ्या बाजूला नेलाय. खुंटी होती तिथं आता ट्यूबलाइटचं बटण. मी अंगाला साबण लावून आपल्याच घरात भिंती चाचपत होतो, आणि मला आठवत होता रोह्याचा नळ, त्याला टांगलेला सॉक्स. ज्या बाथरूममध्ये मी दोन वर्षं तोंड वाकडं करून आंघोळ केली, ती मला इथं आठवते. याला काय म्हणायचं? मी आयेकडे जुना सॉक्स मागितला. तिला वाटलं थंडी वाजतेय, तिने स्वेटर आणून दिला.

हळूहळू बसतंय. साबण टांगलाय. शांपूला रबर बँड आहे. आये काही करत नाही, पण मी न्हाणीत गेलो की दाराबाहेर उगाच काहीतरी निवडत बसते. मी बाहेर आलो की काही न बोलता उठून जाते. कधी तिला वाटतं, मला पुसून काढावं, पण हात आवरते. ते मला दिसत नाही, पण कळतं. एकदा मीच कान पुढे केला आणि विचारलं, बघ गो, साबण राहिलाय का? राहिला नव्हता, मला माहीत होतं. तरी तिने तांब्यात हात बुडवून पुसला.

स्वातीचा फोन रोज येतो. डोळ्यात थेंब घातले का, जेवलात का. परवा म्हणाली, बाबा, तुमचा मग तिथंच आहे, कडी भिंतीकडे. निलेशलाही हलवू देत नाही. तिने ते सहज सांगितलं.  जी मला सून म्हणून परकी वाटत होती, ती तिथं माझी जागा धरून बसलीय, आणि इथं माझी जागा मलाच चाचपून शोधावी लागतेय. रोह्यात माझा ओठ उघडा पडला तर मी तरुण दिसलो. इथं पडला तर अख्खी आळी रडत मागे आली. यातलं घर कोणतं, हे तुम्ही गाव सोडून गेलेल्यांनी मला सांगा. मला तर दोन्हीकडून बोलावणं आलं की हात सारखाच काठीकडे जातो.

निलेश रविवारी न्यायला येतो म्हणतो. आधी विचारतो, मिशी आली का? कारण ठरलंय ते मिशी येईपर्यंतच. रोज सकाळी तोंड धुतलं की मी बोटाने बघतो. डावी, उजवी. आता कात्री लावत नाही. माझ्या बोटाला ती पहिल्याएवढी लागते, थोडी जास्तच. शेवंती वहिनी येताजाता म्हणते, भावजी, आता कसे आमचे भावजी दिसता.

आये मात्र ओट्यावर बसून माझ्याकडे बघते. तिला नाक्यावरची एसटीची पाटी वाचता येते. रोज हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवते, ओठावरून अंगठा फिरवते आणि सांगते, अजून आखूड हाय.